एकाच सातवीत वाचता न येणारी, गोरमाटी बोलणारी आणि कमी दिसणारी मुलं: मी काय करतो

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सातवीत ४१ मुलं. सहांना धड वाचता येत नाही, चौघं बंजारा तांड्यावरची, घरी त्यांची गोरमाटी भाषा बोलणारी, एका मुलीला फळ्यावरचं दिसत नाही आणि दोघं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार. या सगळ्यांना धरून अभ्यासक्रम पुढे कसा न्यायचा, असं तुम्ही विचारलंय. मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत २१ वर्षं सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतोय. माझे वर्ग बहुतेक असेच होते.

सगळ्यात आधी, त्या सहांना मागच्या बाकावर वेगळं बसवून हातात अंकलिपी देऊ नका. मी दिली होती. बाराव्या-तेराव्या वर्षी वाचता न येण्यापेक्षा ते चारचौघांत कळण्याची धास्ती मोठी असते. त्यातला एक मुलगा आठ दिवसांत शाळेत यायचा थांबला, त्याला परत आणायला मला महिना लागला. तेव्हापासून धडा सगळ्यांना एकच, शिरायच्या वाटा मात्र वेगळ्या.

विज्ञानातला स्थितिक विद्युतचा धडा घ्या. मी पुस्तक उघडायच्या आधी प्रयोग करतो. प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासायची आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायची. (केसांना तेल असेल तर जमत नाही, पावसाळ्यातल्या दमट हवेतही फसतो, म्हणून हा धडा थंडीत ठेवा.) घासलेला फुगा हाताजवळ नेला की अंगावरची लव उभी राहते. तुमच्या त्या मुलीला हे बघावं लागत नाही, हाताला कळतं.

मग चौघांचा गट. एक जण करतो, एक सांगतो, एक लिहितो, एक वाचून दाखवतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे पहिल्या दिवशी सांगायचं काम. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं: ‘पट्टी घासली की कागद तिला चिकटत्यात.’ भाषा सुधारायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ते वाक्य लिहिलेली कागदाची पट्टी त्याच्यासमोर ठेवायची. वाक्य त्याचंच असल्यामुळे तो बोट ठेवत पुढे जातो, आणि हे सातवीच्या धड्यातलं वाक्य असल्यामुळे त्याला लाजही वाटत नाही. आठवडाभराने त्याच वाक्याखाली पुस्तकातलं ‘आकर्षण’ लिहायचं.

इथे एक बारकावा. ‘वाचता येत नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही, हे प्रत्येकाला एकेकटं बसवून, दहा-दहा मिनिटं देऊन शोधा. माझ्याकडे आलेल्या सातवीतल्या बऱ्याच मुलांना अक्षरं आणि काना-मात्रा येत होत्या, गाडी अडायची जोडाक्षरांवर. त्यातही ‘र’वर. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘दुसऱ्या’, एकच र आणि चार रूपं! विज्ञानाचं पुस्तक तर ‘घर्षण’, ‘विद्युत’, ‘गुणधर्म’ अशा शब्दांनी भरलेलं. म्हणजे मुलगा विज्ञानात कच्चा नसतो, रफारात अडकलेला असतो. रोज परिपाठानंतर एका रूपाचे पाच शब्द, बस्स. हे सगळ्या वर्गासोबत घ्या, चांगलं वाचणाऱ्यांचंही शुद्धलेखन सुधारतं.

तांड्यावरच्या मुलांना गटात आधी गोरमाटीत बोलू द्या, मग एकाने मराठीत सांगायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असंच म्हटलंय. मी पहिल्यांदा वर्गात ‘याडी’ (म्हणजे आई) म्हणालो तेव्हा बाकीची मुलं हसली. मी तांड्यावरच्या मुलांनाच सांगितलं, तुम्ही आम्हाला रोज दोन शब्द शिकवा. ते भिंतीवर लिहीत गेलो. वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दोन शब्दांसाठी रोज उभी राहायची.

कमी दिसणाऱ्या मुलीला पुढे बसवा, पण खिडकीचा उजेड फळ्यावर चमकणार नाही अशा जागी. फळ्यावर लिहाल ते लिहिता लिहिता मोठ्याने बोला. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांना भेटून मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागा आणि पालकांना दिव्यांग प्रमाणपत्राचं समजावून सांगा, पुढे परीक्षेतल्या सवलतींसाठी ते लागतं. त्या सहांपैकी एखादा वर्षभर मेहनत करूनही अडत असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन किंवा गणितात येणारी कायमची अडचण) आहे.

आता ऊसतोडीची दोघं. या मुलांचं तोंडी गणित पुष्कळदा वर्गात सगळ्यात पक्कं असतं. गाडीत दीड टन ऊस बसतो, तर १२ टनांना किती खेपा? उत्तर तिकडूनच आधी येतं. पण माझी एक चूक सांगतो. शेकडेवारी शिकवताना मी एका मुलाला भर वर्गात विचारलं, तुझ्या वडिलांनी मुकादमाकडून उचल (तोडीआधीची आगाऊ रक्कम) किती घेतली? तो खाली बघत राहिला आणि पुढचे दोन दिवस आला नाही. घरचं कर्ज मी फळ्यावर मांडायला निघालो होतो. मुलाच्या जगातलं उदाहरण घ्या, त्याच्या घरातलं घेऊ नका. दिवाळीच्या आधीच पालकांना गाठून हंगामी वसतिगृहाचं, म्हणजे आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायच्या सोयीचं, बोला. आजी-आजोबांकडे मूल राहणार असेल तर शिक्षण थांबत नाही. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं.

राहिला अभ्यासक्रम. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि प्रयोग यांनाही गुण आहेत, ते मनापासून वापरा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगून दाखवलं तर त्याला ते आलंय. माझे सगळे धडे सगळ्यांना सारख्याच खोलीपर्यंत पोचत नाहीत, हेही खरं सांगतो. मी दर घटकातल्या दोन-तीन गोष्टी आधीच ठरवतो, ज्या वर्गातल्या सगळ्यांना आल्याच पाहिजेत. वेळ त्यांवर घालवतो, बाकीचं भरभर नेतो.

त्या सहा जणांना वाचताना नेमकं कुठे अडतं, ते या आठवड्यात बघून इथेच लिहा. माझ्याकडच्या र आणि जोडाक्षरांच्या पट्ट्या त्याप्रमाणे निवडून टाकतो.