फिरती सॉ मिल घेताना आधी सांगाडा बघ, इंजिन नंतर

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. मेकॅनिकल पदविकेचं शेवटचं सत्र चालू आहे, थोडे पैसे साठवले आहेस आणि ओळखीच्या एका गृहस्थांच्या आवारात कित्येक वर्षं उघड्यावर पडलेली, पट्टा करवतीची फिरती सॉ मिल, म्हणजे दोन चाकांवर ताणलेल्या दातेरी पट्टीने ओंडके कापणारी, गाडीमागे ओढून नेता येणारी मशीन, तुझ्या मनात भरली आहे. इंजिन जाम आहे, मालकांना जागा मोकळी करायची आहे, म्हणून स्वस्तात देतो म्हणतात. ती घेऊन दुरुस्त करून विकावी, की ठेवून स्वतःच लाकूड कापायचा व्यवसाय करावा, हा तुझा प्रश्न. शिवाय बाबांचं म्हणणं असं की कारखान्याच्या देखभाल विभागातली नोकरी समोर आहे, ती सोडून हे खूळ कशाला?

माझं मत आधीच सांगतो. नोकरी घे. मशीनही घे, पण सांगाडा सरळ निघाला तरच. आणि ही पहिली मशीन विकायची म्हणूनच घे.

तुझ्या पत्रात इंजिनावर भरपूर लिहिलंयस आणि बेडवर, म्हणजे ओंडका ज्यावर ठेवतात त्या चौकटीवर, एक ओळही नाही. जुनी मशीन बघायला जाणारे बहुतेक जण हेच करतात. जाम इंजिन डोळ्यांत भरतं, भाव पाडायलाही कामाला येतं. पण इंजिन हा बदलता येणारा भाग आहे. तेवढ्याच ताकदीचं, शाफ्टचा व्यास आणि बोल्टची भोकं जुळणारं दुसरं इंजिन मिळालं की काम मार्गी लागतं. बेड कायमचा वाकला असेल किंवा करवतीच्या हेडला, म्हणजे पातं घेऊन रुळांवरून सरकणाऱ्या भागाला, तडा गेला असेल, तर नवं कोरं इंजिन बसवूनही त्या मशीनवर सरळ फळी निघणार नाही.

म्हणून पुढच्या खेपेला टेप, लांब बारीक दोरी, स्पिरिट लेव्हल, गुण्या, टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन जा. मोजायला बसण्याआधी एक काम करायचं. फिरत्या मिलचा बेड वजनाला हलका ठेवलेला असतो आणि त्याचा सरळपणा पायांवर अवलंबून असतो. वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहिली की एका बाजूची जमीन खचते आणि बेड पिळल्यासारखा दिसतो. तेव्हा आधी जॅक लावून, पायांखाली फळ्यांचे तुकडे सरकवून मशीन लेव्हलमध्ये आण. मग रुळांच्या लांबीने दोरी ताणून बघ, आणि दोन्ही कर्ण मोज. जमिनीमुळे आलेला पीळ एवढ्याने निघून जातो. त्यानंतरही जो राहील तो खरा दोष.

मग हेड हाताने ढकलत बेडच्या प्रत्येक आडपट्टीपाशी ने आणि पात्यापासून पट्टीपर्यंतची उंची दोन्ही टोकांना मोजून लिहून घे. फरक एकाच दिशेने हळूहळू वाढत असेल तर तो बहुधा जुळवणीतून काढता येतो. मधेच एका पट्टीपाशी उंची अचानक बदलत असेल, तर तिथे कधीतरी जड ओंडका आदळलेला आहे. ती पट्टी बोल्टने बसवलेली असेल तर बदलता येईल. मुख्य चौकटच दबली असेल तर पुढे जाऊ नकोस.

तडे शोधताना टॉर्च तिरपा धर. हेड ज्या खांबावर वरखाली होतं त्याच्या बुडाशी, गाडीला जोडायच्या दांड्याच्या मुळाशी आणि ॲक्सलच्या आधारांपाशी तारेचा ब्रश मार. वेल्डच्या कडेने केसासारखी बारीक तपकिरी रेघ दिसली आणि ब्रश मारूनही ती तिथेच राहिली, तर तो तडा असण्याची शक्यता जास्त. नुसत्या गंजाला घाबरू नकोस. वरवरचा गंज घासून जातो. ज्या नळीत पाणी साचून ती आतून सडली आहे, ती मात्र हातोडीने हलकं ठोकल्यावर भरीव वाजत नाही.

यानंतर करवतीची चाकं. पातं अजून चाकांवर ताणलेलंच आहे का, हे सगळ्यात आधी बघ. काम संपलं की पात्याचा ताण सैल करायचा असतो. ताण तसाच राहिला तर चाकांवरच्या रबरी पट्ट्यांना एका जागी चपटा खड्डा पडतो, मशीन चालू केल्यावर पातं तिथे दर फेरीला धडधडतं आणि लवकर चिरतं. पट्ट्या बदलता येतात. पण या एका गोष्टीवरून आधीच्या चालवणाऱ्याची सवय कळते, आणि ज्याने ताण सोडला नाही त्याने ग्रीसही वेळेवर भरलं नसावं असं मी धरून चालतो. जुनं पातं काढताना जाड हातमोजे आणि गॉगल हवाच. गुंडाळलेलं पातं सुटलं की कोणत्या बाजूला उसळेल सांगता येत नाही. पातं काढल्यावर प्रत्येक चाक वर-खाली धरून हलव. खडखड झाली तर बेअरिंग गेलं. पात्याला दिशा देणारे गाइड रोलरही असेच फिरवून बघ. रोलर पात्याला किंचित खाली दाबून धरतात, साधारण 6 मिलिमीटर, आणि त्या दाबामुळेच पातं जाड ओंडक्यातही सरळ चालतं. रोलरला खाच पडली असेल तर तो खर्च हिशेबात धर.

आता इंजिन. उभ्या-उभ्या जाम झालेलं इंजिन आणि चालता-चालता जाम झालेलं इंजिन, यांत फार अंतर आहे. पहिल्यात बहुतेक वेळा रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये गंज धरलेला असतो. प्लग काढून आत गंज सोडवणारं तेल घालायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि क्रँक हाताने थोडा-थोडा मागेपुढे हलवायचा. स्टार्टर मारायचा नाही, धीर सोडायचा नाही. दुसऱ्या प्रकारात तेल संपल्यामुळे बेअरिंग चिकटलेलं किंवा रॉड तुटलेला असतो. खालचं तेल थोडं काढून बघ. त्यात धातूची चमक असेल तर इंजिन बदलायचंच, असं धर. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. हवेवर थंड होणारं इंजिन असेल तर वरचं आवरण काढल्याशिवाय ते सुरू करू नकोस; उंदरांना तिथे घरटं करायला फार आवडतं आणि सिलिंडरवरच्या धातूच्या पंखांमधली हवेची वाट बंद झाली की सुटलेलं इंजिनही तापून पुन्हा जाम होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून दे, टाकी आणि कार्बोरेटर साफ कर. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेतं, तेव्हा टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज सापडला तर नवल वाटायला नको.

तुझ्या मिलला हायड्रॉलिक्स आहेत की नाही, ते पत्रात नाही. असतील तर सिलिंडरच्या चकचकीत दांड्यांवरून नख फिरव. गंजाचे खड्डे लागले तर नवी सीलही ते खाऊन टाकतील. गळती हाताने कधीही चाचपायची नाही. दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही कातडीत शिरतं, आणि ती जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागण्याइतकी गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोध.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सीरियल नंबरची पाटी जाग्यावर आहे का बघ. त्या नंबरावरून भाग मागवता येतात आणि मशीन चोरीची नाही याची खात्रीही करता येते. वुड-मायझरसारखी कंपनी 1982 पासून या धंद्यात आहे. अशा मोठ्या कंपन्यांच्या जुन्या मशीनचे भाग आणि माहितीपुस्तिका मिळण्याची शक्यता चांगली. बनवणारी कंपनीच बंद पडली असेल तर प्रत्येक भाग घडवून घ्यावा लागेल, हे भाव ठरवताना लक्षात ठेव. विक्रीचा कागद लेखी घे. मशीन रस्त्यावरून ओढायची असेल तर तिची नोंदणी, आणि लाकूड कापायचं असेल तर परवाना लागतो का, हे पैसे देण्याआधी विचार. अनेक देशांत सॉ मिलवर वन खात्याचे नियम आहेत.

भाव कसा ठरवायचा, हे तू विचारलंयस. मालक काय मागतात तिथून सुरुवात करू नकोस. अशीच, चालू अवस्थेतली मशीन किती वयाची असताना कितीला विकली जाते, ते आधी शोध. त्यातून बेअरिंग, बेल्ट, पट्ट्या, पाती, टायर, इंजिनाचं काम आणि वाहतूक वजा कर. तुझ्या तासांची मजुरीही वजा कर. शिकाऊ आहेस म्हणून तुझे तास फुकट नाहीत. इंजिन बदलावं लागेल असंच धरून हिशेब मांड. सुटलं तर तेवढा फायदा. जे उरेल त्याहून कमीतच सौदा कर. साठवलेले सगळे पैसे खरेदीत घालवलेस तर मशीन अर्धवट खोललेली पडून राहील, आणि खोललेली, अर्धे नट हरवलेली मशीन पडीक मशीनपेक्षाही कमी भावात जाते.

विकायच्या वेळी रंग मारू नकोस. जुन्या वेल्डवर ताजा रंग दिसला की जाणता गिऱ्हाईक लगेच विचारतो की खाली काय दडवलंय. धुऊन, ग्रीस भरून, नवं पातं लावून ठेव आणि त्याच्यासमोर ओंडका काप. निघालेली फळी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून दाखव. जाडी तिन्ही ठिकाणी सारखी आली की सौद्याचं अर्धं काम झालं. फळीवर लाटा उठल्या तर पातं बोथट आहे, ताण कमी आहे किंवा गाइड रोलर बिघडलेत. याच क्रमाने तपासत जा. पातं बदलून बघणं सगळ्यात सोपं आणि बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

आता ठेवून चालवण्याबद्दल. पट्टा करवतीचं मला कौतुक आहे. तिचा काप जेमतेम 2 मिलिमीटरचा असतो, गोल करवतीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. प्रत्येक कापागणिक वाचलेलं लाकूड फळ्यांत जातं, भुशात नाही. पण मशीन चालवणं आणि मशीन दुरुस्त करणं हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि तुझं शिक्षण दुरुस्तीचं आहे. लाकूडकामाला ओंडके ओळखायला यावे लागतात. फळ्या मधे लाकडी पट्ट्या ठेवून, रचून वाळवाव्या लागतात. कठीण लाकूड हवेवर वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. तेवढा काळ पैसा अडकून राहतो. गिऱ्हाइकाच्या ओंडक्यात खिळा निघाला तर पातं जातं, त्याची भरपाई कोण देणार हे कापण्याआधी बोलून ठेवावं लागतं. कान, डोळे आणि श्वास सांभाळावा लागतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच केलेलं आहे, त्यामुळे मास्कची टाळाटाळ चालत नाही. हे सगळं शिकता येतं, पण एखाद्या अनुभवी कापणाऱ्याच्या हाताखाली राहून. तुझ्या पहिल्या मशीनवर, तुझ्याच पैशांनी नको.

तुला ज्याचा विचार करायला सांगेन ते तुझ्या पत्रात कुठेच नाही: पात्यांना धार लावण्याचं काम. पट्टा करवतीचं पातं सलग एक-दोन तास कापल्यावर उतरतं, मातीने माखलेल्या सालीत तर त्याआधीच. म्हणून प्रत्येक मिलवाल्याकडे पात्यांचा ढीग असतो. त्यांचे दात घासायचे, प्रत्येक दाताची डावी-उजवी झुकण मोजून सारखी करायची, दोन दातांमधल्या गळ्यातली बारीक चीर शोधून खराब पातं बाजूला काढायचं. कामाला हात आणि डोळा लागतो, जागा थोडी लागते, आणि गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं. मशीन एकदाच विकली जाते, पण तिची पाती वर्षभर येत राहतात. तुझी पहिली मिल जो घेईल तोच या कामाचा पहिला गिऱ्हाईक होऊ शकतो.

आणि यासाठी नोकरी सोडायची काय गरज? देखभाल विभागात तू तेच शिकशील जे या मशीनला हवं आहे: शाफ्ट एका रेषेत आणणं, बेअरिंग न ठोकता बसवणं, बेल्टचा ताण, हायड्रॉलिक्स, दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप लावणं. तिथे चुकलीस तर शिकवणारा वरिष्ठ शेजारी असेल. सुट्टीच्या दिवशी मिलवर काम कर. प्रत्येक भाग काढताना फोटो घे, वहीत तारीख, मोजमाप, काय आढळलं आणि किती खर्च झाला ते लिही. पुढे कधी मुलाखतीला जाताना ही वही घेऊन जा. कामावर माणसं घेताना मी स्वतः अशी वही गुणपत्रिकेपेक्षा जास्त वेळ वाचली असती.

बाबांना हे पत्र दाखव. त्यांची काळजी पैशांची असेल तर वरचा हिशेब त्यांच्यासोबत बसून मांड, आणि खर्चाची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा. मशीन ठेवायची कुठे आणि किती महिने, हेही तेव्हाच ठरू दे.

या आठवड्यात मालकांना कोणताही शब्द देऊ नकोस, आगाऊ रक्कमही नको. बेडचे दोन्ही कर्ण, प्रत्येक आडपट्टीपाशीची पात्याची उंची, सीरियल नंबरच्या पाटीचा फोटो आणि इंजिनातून काढलेल्या तेलाचा रंग एवढं कळव. आकडे आले की घ्यायची की नाही ते मी तुला स्पष्ट सांगेन.

तुझा,
करिअर मार्गदर्शक