२०१४ ला मोदी नवे होते तेव्हा विदर्भातल्या खेड्यांत लोक त्यांच्याबद्दल खरंच काय बोलत होते?

तुम्ही विचारलंय की मोदी दिल्लीच्या राजकारणात नवे होते तेव्हा विदर्भातल्या खेड्यांतला मतदार त्यांच्याकडे कसा बघत होता, ती लाट होती की पैसेवाटप, आणि पुढच्या लोकसभेला कुणी नवा चेहरा आला तर पुन्हा तसंच होईल का. त्या पैसेवाटपाच्या उल्लेखामुळेच लिहायला बसलो. हा आरोप मी घरातच फार वर्षं ऐकतोय.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीकडचा कास्तकार. १३ सप्टेंबर २०१३ ला पंतप्रधानपदासाठी त्यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा आमच्या पारावर त्याची फारशी चर्चा नव्हती. त्या पावसाळ्यात पाणी थांबतच नव्हतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, पिवळी पडली होती आणि लोक पटवारी पंचनाम्याला कधी येतो याची वाट बघत होते. नाव माहीत होतं ते कापसामुळे. आमच्याकडचा माल व्यापारी गाड्या भरभरून गुजरातच्या जिनिंगला नेतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे नव्या नेत्याबद्दलचं पहिलं मत एवढंच होतं: "तिकडं कापसाले भाव भेटते म्हणतेत."

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्यांवरचा राग. २००६ मध्ये मनमोहनसिंग स्वतः विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले. २००८ ला कर्जमाफी आली, पण संपूर्ण माफीला अट दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकरांची. बाबांच्या नावावर साडेसात एकर, सगळं कोरडवाहू. तीनशे फूट बोअर मारूनही पाणी न लागलेलं वावर आणि बारमाही ओलीत असलेलं पाच एकर, सरकारनं दोन्ही एकाच मापानं मोजलं. बाबांना मिळाली पंचवीस टक्के सूट, तीही बाकीचे पंच्याहत्तर टक्के भरले तर. ते पैसे असते तर कर्ज थकलंच कशाला असतं? ही अट आमच्या भागातला माणूस विसरला नाही. २०१४ चा निकाल समजून घ्यायचा असेल तर या पाच एकरांपासून सुरुवात करा, टीव्हीवरच्या जाहिरातींपासून नको.

आता दाभडीचं सांगतो. २० मार्च २०१४. आर्णी तालुक्यातल्या दाभडीला मोदी 'चाय पे चर्चा'साठी आले. त्याआधीच्या काही आठवड्यांत गारपिटीनं हरभरा आणि गहू झोपवला होता. बाबा आणि शेजारचे आबाजी दोघं गेले. पक्षाचे म्हणून नाही, ऐकायला म्हणून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पारावर बरेच जण थांबले होते.

"काय म्हणे तो?"

बाबा म्हणाले, "खर्चावर अर्धा नफा धरून भाव देऊ म्हणे."

एवढंच. भाषण कसं होतं, गर्दी किती होती, कुणी विचारलं नाही. आबाजींनी बंडीच्या खिशातून व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, काढली, माझ्याकडून पेन घेतला आणि पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडायला लागले. नांगरणी-वखरणी, बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचाई, गाडीभाडं. एक एक आकडा ते मोठ्यानं म्हणत आणि पाराभोवतालचे लोक दुरुस्त करत. "वेचाई कमी धरली आबाजी, शेवटच्या वेच्याले बाया सात रुपयाखाली आल्या नाही." एकरी सोळा हजार आठशे निघाले. पावसानं मारल्यामुळे उतारा चार क्विंटलचा, म्हणजे क्विंटलमागे खर्च चार हजार दोनशे. त्यावर अर्धा नफा, एकवीसशे. सहा हजार तीनशे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४,००० रुपये.

आबाजींनी सहा हजार तीनशेखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "इतला भाव देला तं मत काय, जल्मभर नाव घेईन. नाही देला तं ह्या कागदावर तारीख टाकून ठेवतो." आणि खरंच तारीख टाकली. आई ओट्यावरून म्हणाली, "भाव येईन तवा येईन, सावकाराले आखाजीले द्या लागते."

आमच्या गावातला राजकीय विचार हा असा होता. सातबारा, पट्टी आणि पेन घेऊन केलेला.

त्याच दिवसांत एका लग्नासाठी पुण्याहून माझे भाऊजी आले होते. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जेवताना म्हणाले, "तुमच्याकडे काय, मटणाची पार्टी आणि पाचशेची नोट, झालं मतदान." मी म्हणालो, "भाऊजी, तुमच्या सोसायटीत मतदानाआधी कुणी जाहीरनामा कागदावर मांडून बघितला का?" ते म्हणाले, आम्ही विकासाला मत देतो. विकास म्हणजे किती रुपये, कुणाला, कधी, हे त्यांना सांगता आलं नाही. आबाजींना सांगता आलं. बहिणीनं ताटावर वाद नको म्हणून विषय बदलला, पण माझ्या डोक्यातून तो गेलेला नाही.

१० एप्रिलला मतदान झालं आणि १६ मेला विदर्भातल्या दहाच्या दहा जागा भाजप-शिवसेनेकडे गेल्या. लाट होती का? होती. पण आमच्याकडे ती पाच एकरांच्या अटीचा राग आणि दाभडीतलं एक वाक्य, या दोन गोष्टींवर उभी होती.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. पहिल्याच वर्षी कापसाचा हमीभाव ४,००० चा ४,०५० झाला. २०१५ ला सर्वोच्च न्यायालयात केंद्रानंच सांगितलं की खर्चाच्या दीडपट भाव दिला तर बाजार बिघडेल. २०१८ ला दीडपट दिला असं जाहीर झालं, पण त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलेलं नाही. सावकाराच्या व्याजासकट सगळा खर्च धरला, असं म्हणणाऱ्यानं आमच्या घरी येऊन आईला तसं सांगावं.

तरी २०१९ ला बहुतेक लोकांनी पुन्हा त्यांनाच मत दिलं. किसान सन्मानचे दोन हजार खात्यात पडायला लागले होते, आणि पुलवामानंतर पारावर भावाचं कुणी बोलत नव्हतं. २०२४ च्या लोकसभेला मात्र दहापैकी सात जागा विरोधकांकडे गेल्या, यवतमाळ-वाशीम आणि वर्धा त्यातच. पुढे नोव्हेंबरात विधानसभेला पारडं पुन्हा फिरलं. सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाच्या खाली विकलं जात होतं, पण लाडक्या बहिणीचे पंधराशे घराघरांत पोचले होते. भाऊजी याला विकलं जाणं म्हणतात. पडलेल्या भावाच्या वर्षी ज्या बाईच्या हातात पहिल्यांदा तिच्या नावाचे पैसे आले, तिला मी तसं कधीच म्हणणार नाही.

पैसे वाटलेच जात नाहीत असं नाही. वाटतात, सगळेच वाटतात. लोक घेतात, पण मत आधी ज्याला द्यायचं ठरवलंय त्यालाच देतात, निदान माझ्या बघण्यातले तरी. आणि हे सगळं कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याचं आहे. गडचिरोलीत जंगल, तेंदूपान आणि खाणी, भंडारा-गोंदियात धान, तिथली बोलणी वेगळी. जातीचं गणितही असतंच. ज्यांच्याकडे वावरच नाही ते रेशन आणि मजुरीचा दर बघतात.

नव्या चेहऱ्याबद्दल विचारत असाल तर तो कोण आहे, किती चांगला बोलतो, याच्याआधी त्यानं कापसाचा आकडा सांगितला का ते बघा. तुम्हाला स्वतः अंदाज घ्यायचा असेल तर प्रचारात येऊ नका, डिसेंबरात कापूस विकायला लागलेल्या गाड्यांच्या रांगेत उभे राहा. आणि भाऊजी, हे वाचत असाल तर तुम्हीही या. तारीख टाकलेली ती पट्टी आबाजींच्या नातवाकडे आहे, तो दाखवेल.