लेकरानं दगड उचलला म्हणून

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, सवडीनं लिहायचं म्हणून आज सकाळी बसलोय. पोरगं साडेचार वर्षांचं, जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लाला शेपटीला धरून ओढतंय, परवा तर दगड उचलला, आणि सासूबाई म्हणतायत की हे पुढं कसाई निघणार. हे आधी डोक्यातून काढून टाक. ह्या वयात लेकरांना ओढलं की काय होतं, ओरडतंय का, पळतंय का, एवढंच बघायचं असतं, समोरच्याला दुखतं हे अजून नीट शिरलेलं नसतं. हां, आठ-नऊ वर्षांचं पोर लपूनछपून, परत परत, हसत हसत जनावराला त्रास देत असतं तर मी वेगळं बोललो असतो, मुलांच्या डॉक्टरला दाखव म्हणालो असतो, कारण कधीकधी अशा पोराला स्वतःलाच कुठंतरी मार पडत असतो. तुझ्या पोराचं तसं काही नाही.

पण तू दोन फटके दिलेस असं लिहिलंयस. त्यातून ते काय शिकलं सांगू का, मोठ्यानं लहानाला मारलेलं चालतं, फक्त आई बघत नाही ना तेवढं बघायचं.

त्यापेक्षा हात धर, थांबव, आणि तिथंच चार-पाच हात लांब त्याला घेऊन खाली बस. मोबाईल घरात ठेवून. आणि कुत्रीकडं नुसतं बघायला लाव. कान मागं गेलेत का, शेपूट पोटाखाली घातलंय का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का, झोप आलेली नसताना जांभया द्यायलीय का, सारखी नाकावरून जीभ फिरवतीय का. हे सगळं ती बोलतीयच, लांब राहा म्हणून सांगतीय, आपल्यालाच ऐकू येत नाही. आणि शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश, हे मोठ्या माणसांनापण वाटतं, ते काय पूर्ण खरं नाही, अंग ताठ आणि शेपूट वर करून बारीक बारीक हलवणारं कुत्रं पुढच्या मिनिटाला चावू शकतं. "तिला आत्ता काय पाहिजे असेल रे?" एवढाच प्रश्न विचार आणि उत्तर त्याला देऊ दे, चुकीचं दिलं तरी देऊ दे. नोकरीतली सगळी वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढल्यावर माझं मत असं झालंय की लेकरांना दयेवर भाषण देऊन काही होत नाही, बघायची सवय लागली की अर्धं काम तिथंच होतं.

तीन गोष्टी मात्र घोकून घे त्याच्याकडून, कुत्रं खाताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांजवळ असताना त्याच्या अंगावर जायचं नाही. तुमची कुत्री सध्या तिसऱ्यातच बसती. आणि उद्या चावलं, नुसतं ओरखडलं तरी, नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन इंजेक्शन सुरू करायचं. चटणी, हळद, चुना काही लावायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग हातात काही राहत नाही.

आता रोजचं काम. आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुला मी काय सांगू, एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 पर्यंत जातो. कुंभाराकडून पसरट, उथळ मातीचं भांडं आण, गॅलरीत सावलीत ठेव, मध्ये एक दगड टाक म्हणजे लहान पाखराला टेकायला जागा होती. हे भांडं पोराचं, तुझं नाही. रोज सकाळी काथ्यानं घासून पाणी बदलायचं, नाहीतर आठ-दहा दिवसांत त्यातच अळ्या होऊन डास निघतात आणि पुण्य राहिलं बाजूला, घरात डेंगी. तो विसरणारच. विसरला की तू गुपचूप भरून टाकू नकोस, त्याला उठवून रिकामं भांडं दाखव आणि मग दोघं मिळून भरा. दुपारी साळुंकी येऊन बसेल बघ, चोच उघडी टाकून धापा टाकत. पक्ष्यांना घाम येत नाही, तोंडावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकावी लागते. पण हे लगेच सांगू नकोस, "तिची चोच उघडी का असेल" म्हणून दोन दिवस त्याला विचार करू दे की.

आणि दया शिकवायची म्हणून जनावर विकत आणायचं, हे मला अजिबात पटत नाही. आपला देशी पोपट, चांदणी कासव तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घरात ठेवताच येत नाही, शेजारच्यांकडं पिंजरा असला म्हणून काय झालं. जत्रेत ती गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं मिळतात, ती बहुतेक हॅचरीतले नर असतात, अंडी देणार नाहीत म्हणून नको झालेले, त्यांना ऊब लागती, घरी आणल्यावर त्यातली बरीच चार-आठ दिवसांतच मरतात. लेकरू मग काय शिकतं, संपलं की दुसरं आणायचं. कुत्रं पाळायचंच असलं तर ते दहा-बारा वर्षं जगतं, हा पोरगा कॉलेजला जाईपर्यंत, तेवढी तयारी तुझी आणि जावईबापूंची आहे का ते आधी बघा.

घरातल्या मोठ्यांचं मात्र अवघड आहे. एकनाथांनी गाढवाला पाणी पाजलं ही गोष्ट आजी सांगती आणि दारात गाढव आलं की तीच आजी झाडू घेऊन धावती, पोराला गोष्ट नाही लक्षात राहत, झाडू राहतो. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांनाच कुत्रीला भाकरी टाकायचं काम दे, फक्त चटणी-कांद्याशिवाय म्हणावं. आणि मटणाच्या दिवशी पोरानं विचारलं की हे कुठून आलं, तर खरं सांग. बकऱ्याचं आहे म्हणून सांग. मग नाही खाल्लं तर जबरदस्ती करू नकोस, खाल्लं तर टोमणा मारू नकोस.

जमलं तर कारहुणवीला, बैलांच्या सणाला, तुझ्या माहेरी ने त्याला, अक्कलकोटकडं. रंगवलेली शिंगं, गोंडे, मिरवणूक हे सगळे दाखवतात, तू आदल्या दिवशी पोहोच, खांदेमळणीला. तूप-हळद लावताना त्याचा हात बैलाच्या खांद्यावर ठेव, जू बसून बसून कातडी कशी घट्ट, खरबरीत झालेली असती ते हाताला लागू दे. त्यावर तू काही बोलू नकोस.

आता पिल्लांचं सांगतो, त्यांना गाईचं दूध देऊ नका, हगवण लागती, कुत्रीलाच पोटभर खायला घाला. त्यांना जंताचं औषध लागेल, तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस. सोसायटीवाले उचलून लांब सोडा म्हणतील, त्यांना सांग की 2023 च्या नियमांत नसबंदी आणि लस करून परत त्याच भागात सोडायचं असं आहे, कुत्रीचं दूध आटलं की महापालिकेकडं अर्ज कर, मी मजकूर लिहून देतो. औषधाच्या दिवशी पोरालापण घेऊन ये.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवू नकोस, झाडूचं लिहिलंय.

तुझा,
डॉक्टरकाका