आईचा अंदाज, आपलं माप

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते: आई ‘अंदाजाने घाल’, ‘मावेल तेवढं घाल’ म्हणायची, त्याचं माप काय? त्यातल्या चार पत्रांना ही उत्तरं.

मी लेस्टरला राहते. पाकिटातल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. आईने सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात मळते, तरीही फुगत नाही. शेगडी विजेची आहे, जाळ नाही.

तुमच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखी ती आपोआप धरून राहत नाही. ताज्या दळणाला गरम पाणी पुरतं. जुन्या पिठाला ते पुरत नाही, कारण परातीत ओतेओतेपर्यंत पाणी निवतं आणि पिठातला स्टार्च नीट फुलत नाही. अशा पिठाची उकडच काढायला हवी.

एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. पाणी खळखळ उकळलं की चिमूटभर मीठ घाला, आच बंद करा, पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग एका भाकरीपुरतीच उकड परातीत घ्या आणि पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेने रगडून मळा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकऱ्या चिरणारच. थापताना चीर दिसली तर लगेच ओल्या बोटाने बुजवा.

तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर ठेवा आणि तिच्यावर पाणी फिरवा. खरी गोम इथे आहे. पाणी सुकत आलं, पण थोडी ओल दिसतेय, तेवढ्यात उलटा. पूर्ण सुकू दिलं तर वरच्या पापुद्र्याला भेगा पडतात आणि आतली वाफ तिथूनच निसटते. दुसरी बाजू सावकाश, नीट भाजा. मग उलटून पहिली बाजू जाळाऐवजी पुन्हा तव्यावर टाका आणि सुती फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाबा. जाळावरच्याइतकी टम्म नाही, पण भाकरी फुगते.

आमटीत आई वापरायची तोच गोडा मसाला घालतो, तरी वास येत नाही आणि चव कडवट लागते. (नागपूर)

मसाला तुम्ही तापल्या तेलात घालत असणार. त्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ असतात. ते फोडणीत काही क्षणांत करपतात. चौघांसाठी पाऊण वाटी तुरीची डाळ हळद घालून मऊ शिजवा आणि घोटून घ्या. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्या (अर्धवट राहिली तर तीही कडू लागते), मग जिरं, हिंग, कढीपत्ता. त्यावर डाळ आणि तीन वाट्या गरम पाणी ओता. उकळी आली की दीड चमचा गोडा मसाला, चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ आणि मीठ घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळा. आमसुलं आधीपासून डाळीत टाकू नका. आंबट पडलं की डाळ शिजायला नाठाळपणा करते. उरलेली आमटी ठेवायची असेल तर आमसुलं काढून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबटढाण होते. आणि मसाल्याचा डबा हुंगून बघा. खोबरं खवट झालं असेल तर दुसरा इलाज नाही, मसाला नवा करा.

पुरण सैल होतं आणि पोळी लाटताना फुटते. (सांगली)

कट, म्हणजे डाळ शिजवलेलं पाणी, नीट निथळलेला नाही. एक वाटी हरभऱ्याची डाळ बोटांत सहज चिरडेल इतकी शिजवा. गूळ पडल्यावर ती आणखी मऊ होत नाही, म्हणून घाई इथे करू नये. चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवा (कटाची आमटी होईलच), मग एक वाटी चिरलेला गूळ घालून आटवा. कालथा पुरणात उभा राहिला की झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की दांडा फिरवताना हात भरून येतात. वेलची-जायफळ शेवटी. सैल झालेलं पुरण पसरट कढईत मंद आचेवर पुन्हा परतता येतं. त्यात बेसन मिसळू नका, कच्चट लागतं. कणीक मात्र पुरणाइतकीच मऊ हवी, तेलाचा हात लावून दोन तास भिजवलेली. घट्ट कणकेत मऊ पुरण भरलं की लाटताना पुरण एका बाजूला सरकतं आणि पोळी तिथेच फुटते.

भातावर ‘पेरभर पाणी’ हे माप बरोबर आहे का? (ठाणे)

पातेलं बेताचं आणि तांदूळ पुरेसा असेल तर हो. पसरट भांड्यात मूठभर तांदूळ असेल तर तेच पेर फार होतं आणि भात गिचका होतो. तेव्हा वाटीनेच मोजा: जुन्या तांदळाला दुप्पट पाणी, नव्याला दीडपट. प्रेशर कुकरमध्ये वाफ कमी उडते, म्हणून पाणीही थोडं कमी.