जहाजावरचे सत्र : वाचकांचे प्रश्न

परदेशी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे एक सत्र जहाजावर राहून पूर्ण करण्यासंबंधी सीमाभागातून आलेल्या काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांचे व्यक्तिगत तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढचे सत्र जहाजावर राहून आठ-दहा देश पाहत पूर्ण करावे, अशी तिची इच्छा आहे. तिचे काका म्हणतात, ‘फी भरून मुलीला सहलीला पाठवताय का?’ हा खरोखर अभ्यास असतो का? (एक पालक, खानापूर)

उत्तर : अभ्यास असतो, आणि ही कल्पनाही आजची नाही. 1926 च्या सप्टेंबरात ‘रिंडॅम’ नावाचे जहाज सुमारे पाचशे विद्यार्थी घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरातून जगप्रदक्षिणेला निघाले होते. आज ‘सेमिस्टर अ‍ॅट सी’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम 1963 मध्ये सुरू झाला. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ हे प्रचंड प्रवासी जहाज अशाच तरंगत्या विद्यापीठासाठी विकत घेतले होते, परंतु काम पूर्ण होत असतानाच जानेवारी 1972 मध्ये ते हाँगकाँगच्या बंदरात जळाले आणि दुसऱ्या, लहान जहाजावर हे काम पुढे चालले. शैक्षणिक जबाबदारी पुढे पिट्सबर्ग आणि व्हर्जिनिया विद्यापीठांकडे होती. 2016 मध्ये ती कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाकडे आली.

सत्र साधारण शंभर ते एकशेपाच दिवसांचे असते. जहाज समुद्रात असेल त्या दिवशी वर्ग भरतात, मग तो दिवस रविवार का असेना. जहाज बंदराला लागले की वर्ग बंद. प्रत्येक विषयाचा एक पूर्ण दिवस एखाद्या बंदरात, प्राध्यापकांसोबत प्रत्यक्ष पाहणीत जातो आणि तो चुकवता येत नाही. गुणपत्रिका विद्यापीठाची मिळते. तरीही त्यातील कोणते विषय पदवीत धरले जातील, हे मुलीने आपल्या विद्यापीठाकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. परत आल्यावर विचारणे म्हणजे वरात निघून गेल्यावर मुहूर्त पाहणे.

काकांच्या शंकेतला पैशाचा भाग मात्र उडवून लावण्यासारखा नाही. शिक्षणशुल्क, केबिन आणि जेवण मिळून खर्च तीस हजार डॉलरांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. विमानभाडे, व्हिसे आणि बंदरातली भटकंती वेगळी. शिष्यवृत्ती मिळत असेल किंवा घरची ऐपत असेल तर जरूर पाठवावे. केवळ यासाठी शेत किंवा घर तारण ठेवून कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझ्या पुतण्याची अशा सत्रासाठी निवड झाली आहे. त्याच्या वर्गातील अमेरिकन मुले म्हणतात की कागदपत्रांचे फारसे काही नसते. आम्ही काय काय पाहावे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : वर्गमित्रांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे आहे. अमेरिकन पासपोर्टवर युरोप, मोरोक्को किंवा दक्षिण आफ्रिका येथे व्हिसा न काढता उतरता येते. भारतीय पासपोर्टवर तसे नाही. म्हणून आयोजकांकडून सर्वांना येणाऱ्या सूचनांवर विसंबू नये. मार्गातील प्रत्येक बंदराचे नाव लिहून त्यापुढे भारतीय नागरिकासाठी कोणती अट आहे, हे त्या त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत माहितीवरून भरावे. युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जहाज युरोपातून मोरोक्कोला जाऊन पुन्हा युरोपात येणार असेल, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा उपयोगाचा नाही; अनेक प्रवेशांचाच मागावा. व्हिएतनामसारख्या देशांचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, पण त्यात उतरण्याचे बंदर नीट नमूद करावे लागते.

पुतण्या अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असेल तर आणखी एक काम आहे. परतताना तो व्हिसा मुदतीत असला पाहिजे, आय-20 या (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या) कागदावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही असली पाहिजे आणि सत्रभर त्याची विद्यार्थी म्हणून नोंद चालू राहील याची खात्री त्याच कार्यालयातून करून घेतली पाहिजे.

आपल्या भागात नेहमी आढळणारी अडचण नावाची आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे एकच आद्याक्षर, आधारवर आणखी तिसराच क्रम. त्यातच 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून ‘बेळगावी’ झाल्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्या कागदांवर दुसरे नाव दिसते. पासपोर्टवर जे आणि जसे छापले आहे, तेच अक्षरशः प्रत्येक व्हिसा अर्जात, विमान तिकिटावर आणि जहाजाच्या नोंदणीत लिहावे. जन्मस्थानाचे नाव ‘सुधारून’ लिहिण्याच्या मोहात पडू नये. पासपोर्टच दुरुस्त करायचा असेल तर तो पहिल्या व्हिसा अर्जापूर्वी करावा. सत्र संपल्यानंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी आणि कोरी पाने पुरेशी असावीत.

मार्गात घाना असेल तर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते. प्रमाणपत्र नसताना पीतज्वराच्या प्रदेशातून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याला विलगीकरणात ठेवले जाते. भारतीय नागरिकालाही यातून सूट नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रश्न : मी पुढच्या सत्रात जहाजावर जाणार आहे. बंदरातील चार-पाच दिवसांत जास्तीत जास्त पाहून व्हावे म्हणून तक्ता केला आहे. मोरोक्कोत कॅसाब्लांका, माराकेश, फेज आणि सहाराचे वाळवंट, केपटाऊनहून अभयारण्य, कोचीला उतरून आग्रा आणि परतताना बेळगावला घरी एक मुक्काम. हे जमेल का? (एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : तक्ता जमेल असे गृहीत धरले तरी त्यात पाहण्यापेक्षा बसणेच अधिक होईल. बंदरातले पाच दिवस हे पूर्ण पाच दिवस नसतात. पहिल्या दिवशी देशाचे अधिकारी जहाजावरील सर्वांची कागदपत्रे तपासतात आणि त्यात कधी कधी दुपार होते. शेवटच्या दिवशी जहाज सुटण्याच्या कित्येक तास आधी परत यावे लागते. त्यातून एक दिवस एखाद्या विषयाच्या पाहणीसाठी गेला तर हातात तीन दिवस उरतात. ठरलेल्या वेळेनंतर येणाऱ्याला पुढच्या बंदरात काही तास जहाजावरच थांबवले जाते. जहाजच सुटले तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, आणि त्या देशाचा व्हिसा विमानतळावर चालेल की नाही हा प्रश्न आपल्या पासपोर्टला वेगळाच.

मोरोक्कोतील वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी माराकेशहून अ‍ॅटलास पर्वत ओलांडून मर्झुगापर्यंत मोटारीने नऊ-दहा तास लागतात, आणि तेवढेच परत. त्याऐवजी कॅसाब्लांकाहून आगगाडीने फेजला जावे आणि तिथेच दोन रात्री राहावे. फेजच्या जुन्या शहरात मोटारींना वाव नाही, सामान गाढवांवरून जाते, चामडे कमावण्याचे हौद अजून वापरात आहेत आणि 859 मध्ये स्थापन झालेली अल-करावियिन ही विद्यासंस्था त्याच गल्ल्यांमध्ये आहे. ज्या मुलीने निपाणीच्या तंबाखूच्या वखारी पाहिल्या आहेत, तिला त्या हौदांवर काम करणाऱ्यांना मजुरी कशी मिळते, माल कुठे जातो, हे विचारावेसे वाटेल आणि तिच्या प्रबंधिकेला विषयही मिळेल.

केपटाऊनला अभयारण्याआधी रॉबेन बेटाचा विचार करावा. नेल्सन मंडेला यांच्या सत्तावीस वर्षांच्या कारावासापैकी अठरा वर्षे तिथे गेली. बोट वाऱ्यामुळे रद्द होते आणि टेबल माउंटन या डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणाही वाऱ्यानेच बंद पडतो, म्हणून ही दोन्ही ठिकाणे शेवटच्या दिवसावर ठेवू नयेत.

मार्गात इटली असेल तर आणखी एक सुचवतो, कारण ते आपल्या भागातील माणसालाच सुचवावेसे वाटते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्स येथे ऐन तारुण्यात निधन पावले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच, कासिने उद्यानाच्या टोकाला, त्यांची छत्री आहे. चित्रदालनांसमोरच्या रांगांतून अर्धा दिवस काढता आला तर ती पाहून यावी.

कोचीविषयी. आग्रा तर सोडाच, बेळगावचा मुक्कामही गाळावा. मडगावमार्गे घरी येण्यात एक रात्र आणि परत जाण्यात दुसरी रात्र जाते, वर गाडी उशिरा पोचण्याची धास्ती. आई-वडिलांनाच कोचीला बोलवावे. बंदराच्या आत नातेवाइकांना सहसा सोडत नाहीत, तेव्हा फोर्ट कोचीत भेटण्याचे ठरवावे. तुमच्या वर्गमैत्रिणी ई-व्हिसा काढून येतील आणि तुम्ही तो न काढता उतराल, असे हे बहुधा एकच बंदर असेल. त्यांना मट्टनचेरीची मसाल्याची बाजारपेठ आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ दाखवण्याचे काम तुमच्याकडे येईलच.

प्रश्न : अशा सत्रानंतर मर्चंट नेव्हीत नोकरी मिळते का? (एक विद्यार्थी, संकेश्वर)

उत्तर : नाही. या जहाजावर विद्यार्थी हा प्रवासी असतो. त्याला जहाज चालवण्याचे शिक्षण मिळत नाही. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करावी.

प्रश्न : नात जहाजावर जाणार आहे. ती शाकाहारी आहे आणि तिला घाटातली मोटार लागते. बरोबर काय द्यावे? फोन रोज येईल ना? (एक आजी, चिकोडी)

उत्तर : आजी, शाकाहारी जेवण मिळते, पण त्यात बटाटा, पास्ता आणि सॅलड यांचीच चलती असते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचे हे बंद पाकिटांतून द्यावे. इलेक्ट्रिक कुकर किंवा शेगडी देऊ नये. आगीच्या भीतीने जहाजावर केबिनमध्ये अशा वस्तू ठेवू देत नाहीत. कुंदाही नको. कितीतरी देशांत दुधाचे पदार्थ उतरतानाच काढून घेतले जातात, आणि बंदरात उतरताना जहाजावरचे अन्नही बरोबर नेता येत नाही.

मळमळीवर औषध डॉक्टरांना विचारून द्यावे आणि ते जहाज हलण्यापूर्वी घ्यायला सांगावे. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो. केबिन निवडता येत असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथे डोलणे कमी जाणवते. मोठ्या समुद्रातही बहुतेकांना पहिल्या काही दिवसांनंतर सवय होते.

फोन रोज येणार नाही. जहाजावरचे इंटरनेट मंद आणि मोजके असू शकते, आणि महासागर ओलांडताना एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत आठवडाभर सुद्धा लागतो. त्यातच जहाजाचे घड्याळ वरचेवर मागेपुढे होते. नातीकडून बंदरांच्या तारखांचा कागद लिहून घ्यावा, तो घरात लावावा आणि फोनची वाट त्या तारखांनाच पाहावी.