फाटक उघडं असूनही माणसं आत का येत नाहीत?

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळाची सचिव आहे. वर्षातला एक दिवस आम्ही गावासाठी ठेवतो. सकाळी धावण्याची शर्यत, मग रक्तदान, विज्ञान प्रदर्शन, पुस्तकांची अदलाबदल, दुपारी लहान मुलांची चित्रकला आणि संध्याकाळी गाणी. फलक लावतो, फाटक सताड उघडं ठेवतो. तरी बहुतेक आमचेच विद्यार्थी फिरताना दिसतात. गावाला आमच्याबद्दल काही वाटतच नाही का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आम्हीही याच प्रश्नाशी झगडलो आहोत. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी ३१ वर्षं काढली आणि त्यातली बरीच वर्षं या दिवसाच्या तयारीत होते. निवृत्तीनंतर त्याच महाविद्यालयाच्या भिंतीला लागून राहते. म्हणजे ते फाटक मी आतून पाहिलंय आणि आता बाहेरूनही पाहते. आतून ते उघडंच दिसतं. बाहेरून आधी नजरेला पडतो तो रखवालदार, मग नोंदवहीचं टेबल, मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं. 'काय काम आहे?' असं कुणी विचारलंच तर काय सांगायचं, हे ज्याला सुचत नाही तो माणूस फाटकापाशी पाऊल हळू करतो, आत डोकावतो आणि पुढे निघून जातो. माझ्या खिडकीतून हे मी दर वर्षी पाहते. गावाला तुमच्याबद्दल वाटतं गं. आत यायला काहीतरी कारण लागतं, ते त्यांच्या हातात नसतं.

आम्ही पहिल्या वर्षी मैदानाच्या पार टोकाला व्यासपीठ उभारलं होतं. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं यांत दीड तास गेला. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या. गावातली माणसं आली होती, पण ती कुंपणाच्या कठड्यावर बसली. लहान मुलं तिथूनच पाय हलवत बघत होती. 'आत या' म्हणायला आमच्यातलं कुणीही गेलं नाही. मीही गेले नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच गोष्ट वेगळी केली. फाटकाबाहेर सायकली दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्याकडे जाऊन विचारलं, "त्या दिवशी आमच्या मुलांना पंक्चर काढायला शिकवाल का?" ते आधी तयारच होईनात. "शिकलेल्या पोरांना मी काय शिकवणार?" म्हणाले. दोन-तीनदा गेलो, तेव्हा आले. फाटकाच्या आत दहा-बारा पावलांवर झाडाखाली त्यांनी बस्तान मांडलं. एक घमेलं पाणी, दोन पान्हे, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोल्युशनची नळी, बस्स. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात थोडी थोडी फिरवली. बुडबुडे आले तिथे बोट ठेवलं, ट्यूब पुसून कोरडी केली, जागा घासली, सोल्युशन लावलं आणि हात बाजूला घेतला. एका मुलानं लगेच रबराचा तुकडा चिकटवायला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब. ओल्यावर लावलंस तर संध्याकाळी सुटेल. बोटाला लागेनासं झालं की लाव." असं का, हे मुलाला कळेना. तेवढ्यात रसायनशास्त्राच्या बाई आल्या. त्यांनी सांगितलं की सोल्युशनमधला पातळ द्रव आधी उडून जावा लागतो, तो मधे अडकून राहिला तर रबराला रबर धरत नाही. काका त्यांच्याकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं करतोय, कारण आज कळलं."

त्या झाडाखाली दुपारपर्यंत गर्दी होती. काकांच्या घरची माणसं आली, शेजारपाजारचे आले, त्यांच्या ओळखीचे आले. आपला माणूस आत शिकवतोय म्हटल्यावर फाटकातून येताना कुणाचंही पाऊल अडखळलं नाही.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हे की या वर्षी गावाला निमंत्रण पाठवू नका, गावाकडे काम मागायला जा. शिवणकाम, गवंडीकाम, घड्याळदुरुस्ती, बी-बियाणं जपणं, जुनी गाणी, जे ज्याला येतं ते. निदान दोन महिने आधी जोडीजोडीनं घरोघर फिरा. पत्रकं वाटून यायचं नाही. दारात उभं राहून 'तुम्हाला काय येतं?' एवढंच विचारायचं आणि ऐकायचं.

दुसरं, दिवसाचा थोडा भाग फाटकाबाहेर न्या. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या मुलांनी १९८२ साली 'द बिग इव्हेंट' सुरू केला. त्या दिवशी विद्यार्थी गावातल्या लोकांच्या घरी जातात, अंगण झाडतात, पाला गोळा करतात, कुंपणाला रंग देतात. यात मला सगळ्यात भावते ती गोष्ट म्हणजे घर गरजूचंच हवं अशी अट नाही. तुमच्या गावात राहतो म्हणून आभार मानायला आलो, एवढीच भावना. ही कल्पना पुढे इतर अनेक विद्यापीठांनी उचलली. सकाळी ज्यांच्या अंगणात तुमची मुलं घाम गाळतात, ती माणसं संध्याकाळी गाणी ऐकायला येतात. त्यांना तिथे ओळखीचे चेहरे असतात.

आणि भाषणं संध्याकाळी ठेवा, दहा मिनिटांत आटपा. कॅलिफोर्नियात डेव्हिसला 'पिकनिक डे' भरतो, त्याची सुरुवात १९०९ मध्ये झाली. तिथल्या विद्यापीठाच्या शेतावर दुभत्या जनावरांचा नवा गोठा बांधला होता, तो बघायला आजूबाजूच्या लोकांना बोलावलं. सुमारे दोन हजार माणसं आपापली शिदोरी घेऊन आली. कॉफी, साय आणि साखर तेवढी विद्यापीठानं पुरवली. गोठा बघायचा, झाडाखाली बसून जेवायचं, गप्पा मारायच्या. आज तो फार मोठा उत्सव झालाय आणि विद्यार्थीच तो चालवतात. पण मुळात बघायला खरंखुरं काहीतरी होतं आणि बसायला सावली होती. तुमच्याकडे गोठ्याच्या जागी काय आहे, ते शोधा.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या मागच्या गल्लीत राहतो. तुम्ही सगळे या दिवसाचं कौतुक करता. आमच्या वाट्याला काय येतं? दारात लावलेल्या गाड्या, रात्री अकरापर्यंत कर्णे आणि सकाळी रस्ताभर कचरा. वडील आजारी आहेत. तक्रार केली तर 'वर्षातून एकच दिवस तर असतो' असं सांगतात.

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. वर्षातून एकच दिवस, हे उत्तर आजारी माणसाच्या घरी कुणी देऊ नये.

शिकायला आलेली मुलं आणि तिथलं गाव यांच्यातली तेढ जुनी आहे. ऑक्सफर्डला १० फेब्रुवारी १३५५ रोजी दोन विद्यार्थ्यांचं एका मद्यगृहाच्या मालकाशी वाइनच्या प्रतीवरून भांडण झालं. त्याचा वणवा तीन दिवस पेटत राहिला. परंपरेनं सांगतात तो आकडा विद्यापीठातले ६३ विद्वान आणि गावातले सुमारे ३० नागरिक मेल्याचा आहे. राजानं विद्यापीठाची बाजू घेतली. पुढची शतकानुशतकं दर वर्षी नगराध्यक्षाला प्रार्थनेला हजर राहून मेलेल्या प्रत्येक विद्वानामागे एक पेनी भरावी लागे. १८२५ मध्ये एका नगराध्यक्षानं नकार दिला, तेव्हा ते थांबलं. आणि खरा समेट झाला थेट १९५५ मध्ये, बरोबर सहाशे वर्षांनी. विद्यापीठानं नगराध्यक्षांना मानद पदवी दिली, नगरानं कुलगुरूंना मानद नागरिकत्व दिलं. एकच बाजू कायम माफी मागत राहिली तोवर काही मिटलं नाही, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

उत्सव मोठा असला म्हणून तो टिकतोच असंही नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठाचा 'वीशिया' हा उत्सव १९२२ पासून चालत होता. मिरवणूक, विभागांची प्रदर्शनं, सगळं विद्यार्थ्यांच्या हाती. दिवसा चांगलं चालायचं, पण त्या आठवड्यात रात्री पुन्हा पुन्हा दंगे झाले आणि २०१४ मध्ये विद्यापीठानं तो कायमचा बंद केला. शेकडो मुलांनी प्रामाणिकपणे केलेलं काम काही रात्रींनी धुऊन नेलं. आयोजकांनी हे डोळ्यांसमोर ठेवावं.

आता तुम्ही काय करायचं? कार्यक्रमाच्या रात्री भांडायला जाऊ नका, तेव्हा कुणी ऐकण्याच्या स्थितीत नसतं. महिनाभर आधी गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून विद्यार्थ्यांना भेटा आणि ठरावीक मागण्या करा. कर्ण्यांची तोंडं मैदानाच्या आत वळवा. आवाज किती वाजता बंद होणार ते लिहून द्या. गल्लीच्या तोंडाशी गाड्या अडवायला दोन मुलं उभी करा. ज्याचा फोन त्या रात्री कुणीतरी उचलेल असा एक क्रमांक घरोघर द्या. आणि सकाळी लोक उठायच्या आत रस्ता झाडून निघाला पाहिजे. आमच्या गल्लीत ही पाचही कामं होतात. पहिल्या वर्षी मुलांनी झाडलं तेव्हा समोरच्या आजोबांनी त्यांना केरसुणी कशी धरायची ते दाखवलं आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच झाडायला उतरले.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवते. त्या दिवशी आम्ही प्रयोगशाळा सगळ्यांसाठी उघडतो, तक्ते लावतो, मुलं समजावून सांगतात. लोक हात मागे बांधून एक चक्कर मारतात आणि बाहेर पडतात. काय चुकतंय?

उत्तर : बाई, तक्ते काढून टाका. एक खोली अंधारी करा.

खिडक्या काळ्या कागदानं पूर्ण झाका, दाराच्या फटीसुद्धा. रस्त्याकडच्या खिडकीच्या कागदाला करंगळीच्या नखाएवढं एक गोल छिद्र पाडा आणि समोर दोन-अडीच मीटरवर पांढरी चादर ताणून लावा. खोली पश्चिमेकडे उघडणारी असेल तर सकाळची वेळ घ्या, पूर्वेकडची असेल तर दुपारनंतरची, म्हणजे समोरच्या घरांवर ऊन असेल. छिद्रातून थेट सूर्याकडे बघता येईल अशी खिडकी निवडू नका. लोकांना पाच-सात जणांच्या गटानं आत घ्या आणि दार लावून पाच मिनिटं काहीही न बोलता बसवा. सुरुवातीला चादरीवर काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की हळूहळू रस्ता दिसू लागतो, रंगांसकट. घरं छपरांवर उभी, आकाश खाली आणि माणसं डोकं खाली पाय वर करून चाललेली. रस्त्यावरून जाणारी सायकल चादरीवर उलट दिशेनं सरकते.

आमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हा एक आजी नातवाबरोबर आत बसल्या होत्या. बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम पुढे वाकून चादरीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "अरे, हे माझं दार! वाळत घातलेली चादर माझी आहे." नातू धावत बाहेर गेला, रस्त्यावर उभा राहिला आणि हात हलवू लागला. आत आजींना तो उलटा दिसत होता, हात मात्र हलत होता. त्या आत बसून त्याला हात हलवत राहिल्या. आपण त्याला दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. प्रकाश सरळ रेषेत जातो हे नंतर मुलांनी सांगितलं आणि ते सगळ्यांनी कान देऊन ऐकलं, कारण प्रश्न आता त्यांचा होता.

प्रश्न : वय ७४, गुडघे दुखतात. पंचवीस-तीस कार्यक्रम असतात. काय बघावं?

उत्तर : दोनच. एक तुम्हाला आवडतं ते आणि एक ज्यातलं तुम्हाला काहीच कळत नाही ते. दोन्हींच्या मधे निदान तासाभराची विश्रांती धरा आणि ती खोल्यांपेक्षा मैदानातल्या सावलीत घ्या, तिथे माणसं भेटतात. सकाळी लवकर गेलात तर मुलं मांडामांड करत असतात, त्यांना सवड असते, मनापासून बोलतात. कुठल्या जागी पायऱ्या आहेत ते फाटकाशीच विचारा. नीट सांगता आलं नाही तर तसं त्यांना जरूर कळवा. पुढच्या वर्षीच्या नकाशात ते येईल.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला गर्दीत नेताना धास्ती वाटते. हरवली तर?

उत्तर : घरून निघतानाच तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पेननं तुमचा फोन क्रमांक लिहा. गेल्याबरोबर तिचा आजच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. घाबरल्यावर कपड्यांचा रंग आठवत नाही. मैदानातली एक न हलणारी खूण दोघींनी मिळून ठरवा. पाण्याची टाकी, घंटेचा खांब असं काहीतरी. फुगेवाल्याची खूण ठेवू नका, तो फिरत असतो. चुकलीस तर शोधत फिरायचं नाही, तिथे जाऊन थांबायचं, हे तिच्याकडून एकदा करून घ्या, खेळासारखं.

आयोजकांनाही सांगते, सापडलेल्या मुलाचं नाव आणि कपडे कर्ण्यावरून सांगू नका. ते ऐकून कुणीही 'मी घ्यायला आलो' म्हणू शकतं. फक्त 'एक मूल आमच्यापाशी आहे, पालकांनी टाकीजवळ यावं' एवढंच सांगा. बाकीचं वर्णन, येणाऱ्या माणसाला करू द्या.