दोन वर्षांची डिग्री नक्की किती वर्षांची?

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची, मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. लग्नानंतर न्यू जर्सीत आले. दहा वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात गेली, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलं ९ आणि ६ वर्षांची आहेत. काउंटी कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री करून आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, होता येतं असं कळलं. नवरा म्हणतो, बी.कॉम.नंतर पुन्हा दोन वर्षांची डिग्री म्हणजे मागे जाणं. सायन्स दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. जमेल का? दोन वर्षांत नोकरी लागेल का? बी.कॉम.चा काही उपयोग होईल का?

उत्तर : तुमच्या मिस्टरांचा मुद्दा आधी घेते, कारण तो अगदीच चुकीचा नाही. ही डिग्री मुळात खरंच एक पायरी खालची म्हणून आखली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेस कमी पडत होत्या. मिल्ड्रेड मोंटॅग या बाईंनी १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात लिहिलेल्या प्रबंधात सुचवलं, की दोन वर्षांत 'टेक्निकल नर्स' तयार करावी. १९५२पासून त्याचे प्रयोग सुरू झाले. बाईंच्या मनात ही नर्स जास्त शिकलेल्या नर्सच्या देखरेखीखाली काम करणार होती. पण या मुली परवान्याच्या त्याच परीक्षेला बसल्या आणि पासही झाल्या. मग तो वेगळा दर्जा राहिला कागदावर. आजही असोसिएटवाली आणि बीएसएनवाली (बीएसएन म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची पदवी) परवान्याची एकच परीक्षा, एनक्लेक्स-आरएन, देते आणि दोघींच्या बॅजवर आरएन हीच दोन अक्षरं असतात.

फरक पडतो तो नोकरी शोधताना. २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२०पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असं उद्दिष्ट मांडलं, तेव्हापासून बरीच मोठी हॉस्पिटलं बीएसएनलाच पसंती देतात, किंवा 'अमुक वर्षांत बीएसएन करीन' असं लिहून घेतात. तुम्ही नदीपलीकडे न्यूयॉर्कला नोकरीचा विचार करणार असाल तर तिथे २०१७चा कायदाच आहे : नव्या नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करायचं. हे ऐकून घाबरू नका. आरएन झाल्यावर उरलेलं बीएसएन ऑनलाइन, नोकरी सांभाळून होतं. मी तसंच केलं, आणि फीचा काही भाग हॉस्पिटलने दिला.

आता वर्षांचा हिशेब. कॉलेजच्या माहितीपत्रकातली दोन वर्षं ही नर्सिंगच्या वर्गात बसल्यापासूनची. त्याआधी प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय, असतात : ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी (ए अँड पी) एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, इंग्लिश, सायकॉलॉजी, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स. ए अँड पी एक झाल्याशिवाय दोनला बसता येत नाही, म्हणजे दोन सेमिस्टर तिथेच गेली. मग टीज किंवा हेसी नावाची प्रवेशपरीक्षा आणि अर्ज. जागा मोजक्या, त्यामुळे नियमात 'सी चालेल' असं लिहिलेलं असलं तरी सी घेऊन रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. मला साडेतीन वर्षं लागली. सायन्सचे विषय पाच-सात वर्षांत 'शिळे' होतात हाही अनेक कॉलेजांचा नियम आहे, तेव्हा ए अँड पी करून मग मुलं मोठी होईपर्यंत थांबू, असं करू नका.

बी.कॉम.चा उपयोग होतो, थोडा. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्या. अर्थशास्त्रासारखे जनरल एज्युकेशनचे काही विषय माफ होऊ शकतात. सायन्स मात्र सगळं करावं लागेल. आणि एक तोटाही आहे, जो मला कुणी सांगितला नव्हता. फाफसाचा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा, फॉर्म भरलात की पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळेल असं मैत्रिणी सांगतील. ग्रीन कार्डवाल्यांना ती मिळते, पण आधी पदवी झालेली असेल तर नाही. पदवी परदेशातली असली तरी सहसा ती पदवीच धरतात. तुम्हाला कर्जाचा मार्ग राहतो. काउंटीतल्या रहिवाशांची फी कमी असते, तेवढा आधार आहेच. पदवीधरांसाठी १२ ते १८ महिन्यांचं ॲक्सिलरेटेड बीएसएनही असतं. तुमचे मिस्टर ते शोधून काढतीलच. पण ते सकाळ-संध्याकाळ-रविवार असं काम आहे आणि प्रीरिक्विझिट तिथेही आधी करावे लागतात. ९ आणि ६ वर्षांची मुलं घरात असताना मी ते सुचवणार नाही.

सायन्सची भीती मलाही होती. मी आधी साताऱ्यात बँकेत होते, कॉलेजात बसले तेव्हा ४१ पूर्ण. हाडांची नावं पाठ होतात हो. आपल्या पिढीला पाठांतराची काय भीती? माझी विकेट दुसरीकडेच गेली. औषधांच्या गणिताची परीक्षा होती, पासिंग ९० टक्के. गणित आपलंच! पेशंट १५४ पौंडांचा, भागिले २.२, म्हणजे ७० किलो, किलोमागे ५ मिलिग्रॅम, उत्तर ३५०. भराभरा सोडवलं. पेपर परत आला तो ८८ टक्क्यांचा. एका उत्तराला मी '५.०० मिलि' लिहिलं होतं, दुसऱ्याला '.५ मिलिग्रॅम'. बँकेत आयुष्यभर रकमेपुढे दोन शून्यं लिहिलेला हात तो! बाईंनी दोन्हींवर लाल रेघ मारली होती आणि बाजूला एकच शब्द लिहिला होता : 'डेसिमल'. त्यांना विचारायला गेले तर त्यांनी ५.०० मधल्या टिंबावर बोटाचं नख ठेवलं. उरलं ५००. मग .५ वरचं टिंब तसंच झाकलं. उरलं ५. पूर्णांकापुढे टिंब-शून्य द्यायचं नाही आणि अपूर्णांकाआधीचं शून्य गाळायचं नाही, हा तिथला नियम. उत्तर बरोबर असून मी नापास. तुम्ही बी.कॉम. आहात, म्हणून मुद्दाम सांगते : ही सवय आजपासून मोडा. किराण्याच्या यादीतसुद्धा.

दुसरी अडचण प्रश्नांच्या पद्धतीची. आपल्याकडे एक उत्तर बरोबर, तीन चूक. इथे चारही बरोबर वाटतात आणि विचारलेलं असतं, 'आधी कुणाकडे जाल?' पहिल्या सेमिस्टरमधला एक अजून आठवतो. एकाला ऑपरेशननंतर दहापैकी सात दुखतंय, एकीला थोडा ताप आहे, एक आजी रडताहेत, आणि सकाळी थायरॉइड काढलेली एक बाई म्हणते, ओठांभोवती मुंग्या येताहेत. मी दुखणाऱ्याकडे गेले. वर्गातले निम्मे आजींकडे गेले. जायचं होतं मुंग्यांकडे : थायरॉइडला चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, आणि ते फार उतरलं तर घसा आवळून श्वास अडकतो. मुंग्या ही त्याची पहिली चाहूल. जी बाई सगळ्यात कमी तक्रार करते आहे, तीच सगळ्यात आजारी. हे वळण डोक्यात बसायला मला वर्ष लागलं. इंग्रजीचा यात फारसा संबंध नाही.

घरचं थोडक्यात. क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रात्यक्षिकाच्या, दिवशी पावणेसातला युनिफॉर्ममध्ये हॉस्पिटलच्या मजल्यावर उभं असावं लागतं, आणि गैरहजेरी एक-दोनच चालते. त्या दिवशी मुलांचे डबे आणि स्कूलबस कोण बघणार हे आत्ता ठरवा, 'बघू' नको. काही कॉलेजांत संध्याकाळची आणि वीकेंडची बॅच असते, तीही विचारा. कॉलेज निवडताना न्यू जर्सीच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता, एसीईएनसारख्या, नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन आणि पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण, हे तीन आकडे-कागद पाहा. भरमसाट फी घेऊन 'लगेच प्रवेश' देणाऱ्या जाहिराती दिसल्या तर हेच तीन अधिक कडकपणे पाहा.

माझं मत विचाराल तर पूर्ण डिग्रीचा निर्णय आज घेऊच नका. येत्या सेमिस्टरला फक्त ए अँड पी एकला नाव घाला. (बायॉलॉजी आधी करा म्हणाले तर तेच करा.) पंधरा आठवड्यांत तुमच्या मिस्टरांनाही कळेल आणि तुम्हालाही.

प्रश्न : नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण टीबीच्या स्किन टेस्टला हातावर १२ मिलिमीटरची गाठ आली. कॉलेज म्हणतं, पॉझिटिव्ह. मला टीबी कधीच नव्हता. प्रवेश जाईल का?

उत्तर : नाही जाणार. आपल्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा व्रण असतो, आणि त्या लसीमुळे ही सुई पॉझिटिव्ह दाखवू शकते. रक्ताची टेस्ट मागा : आयजीआरए, क्वांटिफेरॉन हे त्यातलं एक नाव. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर 'बीसीजीमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. एक्स-रे काढा आणि सुप्त टीबीच्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला. जाता जाता : गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांची लसीकरणाची कार्डं गावी हरवली असतील तर टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, चालते. हेपटायटिस बीची तीन डोसांची मालिका नव्याने घ्यावी लागली तर सहा महिने जातात, म्हणून ती तपासणी सगळ्यात आधी करा.

प्रश्न : काल एनक्लेक्स दिली. ८५व्या प्रश्नाला कॉम्प्युटर बंद झाला. रात्रभर झोप नाही. नापास झाले का?

उत्तर : ८५ हा किमान आकडा आहे, १५० हा कमाल. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की यंत्र थांबतं. ते वरचं म्हणूनही थांबतं, खालचं म्हणूनही. त्या ८५तले १५ प्रश्न तर फक्त चाचपणीसाठी असतात, त्यांना गुणच नाहीत. तुम्हाला आठवून आठवून छळणारा प्रश्न बहुधा त्यातलाच असेल. माझा कॉम्प्युटर ११२ला थांबला होता आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर रडले होते. पास झाले होते. जेवून घ्या आणि झोपा.